कंबरदुखी आणि तंबूतली रात्र

कंबर दुखते म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: गादी काढून टाका, फळीवर नाहीतर सरळ फरशीवर झोपा. घरातली वडीलधारी माणसं हे सांगतात, शेजारी सांगतात, आणि एका पिढीपूर्वी डॉक्टरही सांगत. हाच सल्ला प्रमाण मानून कंबरदुखीची माणसं भंडारदऱ्याला तंबूत राहायला जातात. जमीन कडक आहे, म्हणजे पाठीला बरंच, असा हिशेब. पहाटे चारला जाग येते ती थंडीने की कमरेच्या कळेने, हे त्यांना सांगता येत नाही. बहुतेक वेळा दोन्हींनी येते.

कडक अंथरुणाची समजूत तपासून पाहिली गेली आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना ९० दिवस दोन प्रकारच्या गाद्यांवर झोपवलं, काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं, झोपेतलंही आणि सकाळी उठतानाचंही. हे निष्कर्ष २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. कारण समजायला सोपं आहे. आपलं शरीर सपाट नाही. कुशीवर झोपलं की खांदा आणि खुबा जमिनीला टेकतात आणि कंबर अधांतरी राहते. उताणं झोपलं तरी कमरेच्या खोलगट भागाखालून हात आरपार जातो. हा अधांतरी भाग रात्रभर स्नायू तोलून धरतात, म्हणून सकाळी ते आखडलेले असतात. उलट फार मऊ अंथरुणात खुबा खोल जातो आणि कणा मधोमध वाकतो. म्हणजे गरज अशा अंथरुणाची, की जे खुब्याला दोन बोटं आत जाऊ देईल आणि कमरेला खालून भरून काढेल. घरी हे काम गादी करते. भंडारदऱ्याला, म्हणजे अकोले तालुक्यात, ते आपल्याला करावं लागतं, आणि त्याची सुरुवात जागा निवडण्यापासून होते.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा इथे अडली आणि शेंडीपासून रतनवाडीपर्यंत फुगवटा पसरला. त्याच्या कडेकडेने मुरशेत, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे अशी गावं आहेत आणि तंबूंची मुक्कामाची ठिकाणं याच पट्ट्यात आहेत. वरवर सगळी सारखी दिसतात, पण झोपणाऱ्याच्या दृष्टीने इथे जमिनीचे तीन प्रकार आहेत: पाण्याचा काठ, भाताची खाचरं आणि कातळ.

फोटोत सगळ्यात देखणा दिसतो तो काठ. पण खाली नगर जिल्ह्यातल्या पाटांना आवर्तन सुटलं की धरणाचं पाणी उतरतं आणि जी जमीन उघडी पडते ती उतरती असते. तिच्यात गोटे असतात, आणि उन्हाळ्याकडे गाळ वाळून भेगाळतो. तंबू लावणारी मुलं हौसेने अगदी पाण्यालगत तंबू ठोकतात, कारण गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. ज्याची कंबर दुखते त्याने पाण्यापासून मागे सरकून खाचर गाठावं. भाताला पाणी उभं राहावं लागतं, म्हणून शेतकऱ्याने ती जमीन पिढ्यान् पिढ्या सपाट करत आणलेली असते. डोंगरउताराच्या या मुलखात इतकी समतल जागा दुसरी नाही. दिवाळीच्या सुमाराला कापणी झाली की खाचरं मोकळी होतात. तेव्हा आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: तंबू खाचरात आहे की काठावर? नीट उत्तर देणारा माणूस बाकीच्या गोष्टींतही बरा निघतो, असा माझा अंदाज आहे.

खाचरात एक अडचण असते ती धसकटांची. कापलेल्या भाताचे बुडखे ताडपत्रीतूनही टोचतात आणि हवेच्या गादीचे तर शत्रूच. तंबू उभा करण्याआधी तेवढी जागा बुटाने दाबून घ्यावी, खडे वेचावेत, मग नुसत्या ताडपत्रीवर पाच मिनिटं पडून पाहावं. डोळे मिटले की उतार कळतो. थोडा उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला. आडव्या उताराची जागा मात्र कितीही सुंदर असली तरी सोडावी. तिथे माणूस झोपेतही घसरू नये म्हणून एका बाजूचे स्नायू ताणून धरतो, आणि सकाळी कमरेची नेमकी तीच बाजू धरते.

आता अंथरुण. या भागातलं सगळ्यात चांगलं अंथरुण विकत घ्यावं लागत नाही, मागावं लागतं. ते म्हणजे भाताचा पेंढा. कापणी-झोडणीनंतर घरोघरी पेंढ्याच्या गंजी रचलेल्या असतात. तो जनावरांची वर्षाची वैरण आहे, त्यामुळे मालकाला विचारून, त्याचे पैसे देऊन चार-सहा पेंढ्या घ्याव्यात. कोरडाच घ्यावा, कुबट वास येणारा नको. तंबू उभारण्याआधी ताडपत्रीखाली तो वीतभर जाड पसरला की धसकटं टोचणं थांबतं आणि जमिनीचा गारवा बराच अडतो. आणि पेंढ्याला हवा तो आकार देता येतो, ही सोय बाजारातल्या कुठल्याच गादीत नाही. खुबा जिथे येणार तिथला थर थोडा पातळ करावा, कंबर येईल तिथे एक मूठ जास्त घालावी, गुडघ्याखाली आणखी एक. मग वर तंबू. जुनी स्काउटची पुस्तकं खुब्यासाठी जमिनीत खळगा करायला सांगतात, पण दुसऱ्याच्या खाचरात खोदणं बरं नव्हे. सकाळी पेंढा गोळा करून परत द्यावा. वैरण म्हणून तो अजून चालतो.

पेंढा मिळत नसेल, म्हणजे मुख्यतः उन्हाळ्यात, तर गादीचा विचार करावा लागतो. तंबूसोबत जी मिळते ती बहुधा बोटभर जाडीची फोमची असते आणि आधीच्या पाहुण्यांनी मधोमध दाबलेली असते. एकावर एक दोन मागून घ्याव्यात. कोणी नाही म्हणत नाही. स्वतःची न्यायची असेल तर दोन प्रकार आहेत. एक, बंद छिद्रांच्या फोमची घडीची चटई. ती हलकी असते, फुटत नाही, पण कमरेला पुरेसा भर देत नाही. दुसरा, फुगवायची गादी. हिच्यात हवा कमी-जास्त करून कडकपणा ठरवता येतो, म्हणून कंबरदुखीला ही बरी. पण लोक ती टणक होईपर्यंत फुगवतात आणि फरशीवर झोपल्याचाच त्रास पुन्हा ओढवून घेतात. आधी पूर्ण फुगवा, कुशीवर झोपा, आणि खुबा किंचित आत जाईपर्यंत हळूहळू हवा सोडा. खुब्याखाली जमीन लागली तर थोडी परत भरा. हे झोपायच्या वेळीच करायचं. दुपारी ३० अंशांत फुगवलेली गादी पहाटे १० अंशांत आली की आतल्या हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. गादी कुठे फुटलेली नसते, पण कमरेखालून आधार गेलेला असतो. मग लोक दुकानदाराला शिव्या देतात.

थंडीचा आणि कमरेचा संबंध लोकांना उगाच जोडलेला वाटतो, तसं नाही. गारठा लागला की शरीर आवळून घेतं, स्नायू ताठ होतात, आणि आधीच दुखरे असलेले स्नायू रात्रभर ताठ राहिले तर सकाळ वाईटच जाणार. डिसेंबर-जानेवारीत फुगवट्याच्या काठी चांगलीच हुडहुडी भरते. त्यातली बरीच थंडी खालून येते. अंगावर कितीही पांघरलं तरी पाठीखालची पांघरुणाची बाजू वजनाने दाबली जाते, तिच्यातली हवा जाते आणि ऊब धरायला काही उरत नाही. म्हणून खालचा थर वरच्याइतकाच महत्त्वाचा. गाद्यांच्या बाबतीत हा गुण ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्याने सांगतात. आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी जास्त अडते. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो मोजायची, २०१८ मध्ये मोजणीचं एक समान मानक आलं, तेव्हापासून दोन गाद्यांची तुलना करता येते. दोन थर एकावर एक टाकले की आकड्यांची बेरीज होते. तरणतलावाला शोभेल अशी स्वस्त, पोकळ, हवेची गादी इथे फसवते. आत मोकळी हवा फिरत राहते आणि अंगातली ऊब खाली नेऊन सोडते. तिच्यावर चटई किंवा घोंगडी अंथरली तरच ती कामाची.

घोंगडीचं नाव आलंच आहे, तर थोडं थांबतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली घोंगडी नगर जिल्ह्यातल्या धनगरवाड्यांतून आणि बाजारांतून आजही मिळते. अंगाला खरखरते, म्हणून नव्या पिढीने ती टाकून दिली. पण अंगाखाली घालायला तिच्या तोडीचं दुसरं काही मला माहीत नाही. थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही आणि गुळगुळीत स्लीपिंग बॅग तिच्यावरून रात्रभर घसरत नाही. तिच्यावर घरातली जुन्या लुगड्यांची गोधडी चौघडी करून टाकली की झाली मध्यम कडक गादी. गाडीने तंबूपर्यंत जाणाऱ्याला वजनाची काळजी नसते. मग महागड्या दुकानात जाण्याआधी माळ्यावरची ट्रंक उघडून बघायला हरकत नाही.

कसं झोपायचं, याचं एकच उत्तर नाही, कारण सगळ्या कंबरा एका कारणाने दुखत नाहीत. मणक्यांमधली चकती सरकलेल्या माणसाला बहुधा पुढे वाकल्याने त्रास होतो. अशाला उताणं झोपून गुडघ्यांखाली छोटी उशी घेणं मानवतं, किंवा कुशीवर, पण फार मुटकुळं न करता. साठीच्या पुढच्या अनेकांचा मणक्यांमधला मार्ग अरुंद झालेला असतो. त्यांना चालताना, ताठ उभं राहिल्यावर पायात कळा येतात आणि वाकलं की बरं वाटतं. त्यांनी कुशीवर, गुडघे पोटाकडे घेऊनच झोपावं. कुशीवर झोपणाऱ्या प्रत्येकाने दोन गुडघ्यांच्या मध्ये काहीतरी घ्यावं, नाहीतर वरचा पाय पुढे पडतो आणि कमरेला पीळ देतो. पालथं झोपण्याची सवय असलेल्यांना तंबूत सगळ्यात जास्त त्रास होतो. पोटाखाली पातळ घडी घातली तर जरा सुसह्य होतं. या सगळ्यासाठी उशा न्यायची गरज नाही. उद्याचे कपडे पिशवीत भरले की गुडघ्यांची उशी होते आणि गुंडाळलेला टॉवेल कमरेखाली जातो. मानेची उशी मात्र घरचीच न्यावी. कोण हसतं त्याकडे बघू नये.

खाली बसून उठणंच ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी घडीची कॅम्प खाट आहे. तिच्यावरून पाय खाली सोडून उठता येतं, हा तिचा मोठा फायदा. तोटे दोन. कापड झोळ देतं, म्हणून खाट ताणलेली घ्यावी आणि वर चटई टाकावी. शिवाय खालून वारा खेळतो, त्यामुळे थंडीत तिच्यावर घोंगडी हवीच. दोन माणसांच्या बुटक्या घुमटी तंबूत ती मावत नाही, उंच तंबू आहे का ते आधी विचारावं लागतं.

निम्मं बिघडतं ते झोपण्याच्या आधीच. मुंबईहून कसारा घाट आणि घोटीमार्गे, किंवा पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, राजूर असे चार-पाच तास गाडीत बसून माणूस येतो आणि लगेच शेकोटीभोवती जमिनीवर मांडी घालून बसतो. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. आडवं पडल्यावर तो सगळ्यात कमी, आणि बसून पुढे वाकल्यावर खूप जास्त निघाला. शेकोटीपाशी आपण तासन् तास नेमके तसेच बसतो. तेव्हा वाटेत दर तासाभराने उतरून चार पावलं चालावं, शेकोटीला पाठीची खुर्ची मागावी, आणि जेवणानंतर बांधावरून पंधरा मिनिटं फेरी मारावी. झोपताना स्वयंपाकघरातून गरम पाणी मागून घ्या, स्टीलच्या बाटलीत भरा, टॉवेलात गुंडाळा आणि कमरेशी ठेवा. शेक मिळतो, अंथरुणही उबतं. मधुमेहामुळे ज्यांची कातडी बधिर आहे त्यांनी हा उपाय टाळावा, भाजल्याचं त्यांना कळत नाही. दारू घेऊन झोप लागते, पण मग माणूस कूस बदलत नाही आणि एकाच बाजूवर आखडून जातो. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी नको. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

रात्री लघवीला उठणं आणि सकाळी तंबूतून बाहेर येणं, उसण भरते ती बहुधा या दोन क्षणांना. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस रात्रीपेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेली चकती वाकण्याच्या बाबतीत नाजूक असते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उठल्यानंतरचे पहिले काही तास कमरेतून वाकणं टाळलेल्या रुग्णांचं दुखणं कमी झालं होतं. तंबूत मात्र आपण उठल्या उठल्या सगळी वाकायचीच कामं करतो: स्लीपिंग बॅगची चेन, तंबूचं दार, बुटाची नाडी. त्याऐवजी असं करावं. आधी पडल्या पडल्या गुडघे एकेक करून आळीपाळीने वाकवावेत आणि पसरावेत. मग खांदा, कंबर, गुडघे एकदमच ओंडका लोटावा तसे कुशीवर वळवावेत, म्हणजे कमरेला पीळ पडत नाही. हातांवर जोर देऊन रांगतं व्हावं. रांगत दारापर्यंत जावं, एक पाय पुढे टाकावा आणि काठीचा नाहीतर कोणाच्या हाताचा आधार घेऊन उठावं. तंबूच्या बारीक खांबाला धरू नये, तो वाकतो आणि आपणही वाकतो. पायात नाडीचे बूट नकोत, सरकवायच्या चपला दाराशी ठेवाव्यात. घालण्याआधी झटकाव्यात, कारण हा विंचवांचा मुलूख आहे.

सकाळच्या चकत्यांच्या या नाजूकपणामुळेच कळसूबाईच्या सूर्योदयाचा मोह मला पटत नाही. १,६४६ मीटर उंचीच्या शिखरावर उजाडताना पोहोचायचं म्हणून लोक बारी गावातून मध्यरात्रीनंतर निघतात. झोप अर्धी, चकत्या फुगलेल्या, अंधार, आणि वाटेत लोखंडी शिड्या. धडधाकट माणसाला ठीक. कंबर दुखणाऱ्याने न्याहारी करून निघावं. उतरताना पाऊल आपटत असतं, म्हणून तेव्हा काठी हवीच. हरिश्चंद्रगडाचं वेगळं आहे. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी, पण वर मंदिराजवळच्या लेण्यांत किंवा कोकणकड्याच्या आसपास खाली दगडच आहे. तो अंगातली ऊब खेचून घेतो, त्यात खुंटी शिरत नाही आणि पेंढा वर कोणी नेत नाही. हा सगळा टापू १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे नियम बदलत असतात, ते वन खात्याच्या नाक्यावर विचारून घ्यावेत. कंबर सांभाळायची असेल तर गड दिवसा पाहावा आणि रात्री पाचनईत कोणाच्या तरी पडवीत अंथरुण टाकावं. शेणाने सारवलेली जमीन कातळापेक्षा उबदार असते, वारा अडतो, आणि पहाटे उठताना धरायला खांब असतो.

मे अखेरीस आणि जूनमध्ये काजवे पाहायला गर्दी लोटते तेव्हा तर तंबू नकोच. वळवाचा पाऊस कधी कोसळेल सांगता येत नाही, जमीन दमट असते, कोरडा पेंढा संपलेला असतो, आणि गाड्यांच्या दिव्यांमुळे, हॉर्नमुळे मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही. या दिवसांत खोली घ्यावी. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान धरणाशेजारीच आहे, गावांत घरगुती सोयही होते. काजवे झाडावर असतात, ते बघायला जमिनीवर झोपावं लागत नाही.

काही दुखणी अंथरुणाने बरी होणारी नसतात. पायातली ताकद अचानक गेली, बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा कंबरदुखीबरोबर ताप आला, तर सकाळची वाट बघू नये. हे मज्जातंतू दाबले गेल्याचं किंवा मणक्यात जंतुसंसर्ग झाल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात तास मोजले जातात. १०८ ला फोन करावा. रतनवाडी-साम्रदकडे मोबाइलला सगळीकडे रेंज येत नाही, म्हणून संध्याकाळीच तंबूवाल्याला तीन गोष्टी विचारून ठेवाव्यात: रेंज कुठे येते, रात्री गाडी कोणाची मिळेल, आणि राजूर-अकोल्याकडे निघायचं तर रस्ता कोणता.